गाव कुठलं? फ्लशिंगमध्ये चिनी जेवणाची खरी ओळख करून घेताना

न्यूयॉर्कमध्ये नवीन आलेली मराठी मंडळी फ्लशिंगला पहिल्यांदा जातात ती बहुतेकदा बोन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळात. १९७७ सालापासून हे देऊळ तिथे आहे. दर्शन घ्यायचं, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खायचा आणि परत निघायचं, असा सगळ्यांचा नेम. माझाही बरीच वर्षं तोच होता. पण देवळातून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की मेन स्ट्रीट लागतो, आणि तिथे चार-सहा चौकांच्या आत चीनच्या कितीतरी प्रांतांच्या चुली पेटलेल्या असतात. ज्यांना तिकडे वळायचंय पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात आपल्या डोक्यातल्या ‘चायनीज’पासून करू या. ते चविष्ट आहे, आपलं आहे, पण ते चीनचं नाही. कोलकात्यातल्या हक्का कुटुंबांनी ते भारतात रुजवलं. चिकन मंचुरियन तर मुंबईत जन्मलं, १९७५ साली नेल्सन वँग यांच्या हातून. मंचुरिया म्हणजे आज ज्याला डोंगबेई म्हणतात तो चीनचा ईशान्य भाग. फ्लशिंगमध्ये डोंगबेईची खानावळ सापडेल, पण तिथल्या कार्डावर मंचुरियन सापडणार नाही. तिथे मिळेल आंबवलेल्या कोबीची भाजी, बटाटे, उकडलेल्या करंज्यांसारखे ज्याओझ आणि एका माणसाला संपणार नाही एवढं ताटभर काहीतरी. कडाक्याच्या थंडीचा मुलूख आहे तो.

आपण मालवणी, खानदेशी, वऱ्हाडी आणि कोल्हापुरी जेवण एकाच मापानं मोजत नाही. वऱ्हाडी खानावळीत जाऊन सोलकढी मागत नाही. चिनी जेवणाशी मात्र नेमकं तसं वागतो. म्हणून माझा सगळा सल्ला एका प्रश्नात मावतो, आणि तो आपण अनोळखी मराठी माणसाला दुसऱ्या मिनिटाला विचारतोच: गाव कुठलं?

जायचं कसं, कधी

मॅनहॅटनमधून सात नंबरची सबवे पकडा आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहा. टाइम्स स्क्वेअरपासून साधारण चाळीस मिनिटं लागतात. न्यू जर्सीहून येणाऱ्यांना पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेलरोडची पोर्ट वॉशिंग्टनकडे जाणारी गाडी सोयीची, ती वीसेक मिनिटांत फ्लशिंग मेन स्ट्रीटला सोडते. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात भूक मरते. शनिवार-रविवारी दुपारी रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो. पहिल्यांदा जाताना आठवड्यातला एखादा दिवस किंवा रविवारी सकाळी साडेअकराची वेळ बरी. तेव्हा काउंटरवरच्या माणसाला तुमच्याशी चार शब्द बोलायला सवड असते. खिशात वीस-तीस डॉलर रोख ठेवा, छोट्या गाळ्यांमध्ये कार्ड चालेलच असं नाही.

एवढे प्रांत इथेच का जमले, हे ठाऊक असलं की मग पाट्या वाचताना मजा येते. मॅनहॅटनचं जुनं चायनाटाउन वसवलं ते दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या लोकांनी. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली आणि ती १९४३ पर्यंत बंद राहिली. पुढे १९६५ च्या कायद्यानं देशवार कोटे काढून टाकले. आपल्याकडचे डॉक्टर आणि इंजिनियर इथे येऊ लागले तेही याच कायद्यामुळे. १९७० च्या दशकात तैवानहून आलेल्या कुटुंबांना जुन्या चायनाटाउनमधली कँटोनीज बोली जवळची वाटेना, त्यांनी फ्लशिंगमध्ये बिऱ्हाडं केली. त्यांच्या मागोमाग मँडरिन बोलणारे उत्तरेकडचे, पश्चिमेकडचे लोक आले. प्रत्येकानं आपापल्या गावची चव आणली.

पाटी वाचायची ती चित्रासारखी

चिनी लिपी येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. चार-पाच अक्षरं डोळ्यांत बसवली की पुष्कळ काम होतं. नुसत्या तीन उभ्या रेघा दिसल्या की ते ‘छ्वान’, म्हणजे सिच्वान प्रांत. एका उभ्या काडीत ओवलेले दोन चौकोन दिसले तर तेही ‘छ्वान’च, पण सळईवर भाजलेल्या मांसाचं. अक्षर म्हणजे हुबेहूब कबाबाचं चित्र. ते दिसलं की तिथे शिनज्यांगच्या किंवा डोंगबेईच्या पद्धतीचा, जिरं लावलेला, निखाऱ्यावरचा माल आहे असं समजा. वर दोन छोटी शिंगं, खाली तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी, हे ‘यांग’, बकरी-मेंढीचं अक्षर. आणि खालून उघडी चौकट, तिच्या आत एकाखाली एक उलट्या इंग्रजी व्हीसारख्या दोन खुणा, हे ‘रोउ’, म्हणजे मांस. शाकाहारी माणसानं निदान हे शेवटचं अक्षर फोनमध्ये फोटो काढून जपून ठेवावं.

फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. सिच्वानी कार्डावर ‘माशाच्या वासाची वांगी’ असं भाषांतर दिसेल. त्यात मासा नसतो. माशाच्या कालवणाला लागणारा आलं-लसूण-लोणच्याच्या मिरचीचा मसाला वांग्याला लावलेला असतो, एवढंच. पण बऱ्याचदा त्यात डुकराचा खिमा असतो, आणि तो नावात कुठेच नसतो. ‘मुंग्या झाडावर चढताहेत’ म्हणजे काचेसारख्या पारदर्शक शेवया आणि त्यांना चिकटलेला खिमा. ‘नवरा-बायकोच्या फुप्फुसांचे काप’ म्हणजे मिरचीच्या तेलातलं गाईचं मांस आणि जठरासारखे आतले अवयव. नावावरून पदार्थ ओळखायला जाल तर फसाल, विचारायलाच हवं.

विचारायचं काय

चिनी माणसाला ‘लाओज्या’ हा शब्द फार प्रिय. लाओज्या म्हणजे शब्दशः जुनं घर, आपलं मूळ गाव. जन्म शहरात गेला तरी माणूस लाओज्या सांगतोच, आपण ‘आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ’ म्हणतो तसं. काउंटरवर गर्दी नसताना हसून विचारा: ‘शीफू श नाली रन?’ म्हणजे, आचारी कुठले? उच्चार मोडकातोडका असला तरी अर्थ पोचतो. इंग्रजीत विचारलं तरी चालतं, पण हे चार शब्द तोंडातून निघाले की समोरचा माणूस खुलतो. उत्तर आलं की दुसरा प्रश्न: त्या गावचा पदार्थ कोणता? आणि तोच मागवायचा.

हे मी शिकले ते फ्लशिंगमधल्याच एका तळघरातल्या गाळ्यावर. पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं फ्राइड राइस मागितला. तो मिळाला, आणि तो अगदी बेताचा होता. शेजारच्या बाकावर एक आजोबा थंडगार, चकचकीत, लाल तेलात माखलेल्या रुंद पट्ट्या खात होते. पुढच्या वेळी मी त्यांच्याकडे बोट दाखवून तसंच हवं म्हणाले. काउंटरवरची बाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली आणि ‘शीआन’ म्हणाली. तिचं गाव.

त्या पट्ट्या म्हणजे लियांगपी, शाआनशी प्रांताची ओळख. ती कशी करतात हे कळलं तेव्हा मला थेट उन्हाळ्यातली गच्ची आठवली. आपण कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, पिळून चीक काढतो, वरचं निवळलेलं पाणी ओतून देतो. तिथे गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्यात चोळून चोळून धुतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. पांढरं पाणी काही तास ठेवलं की तळाशी चीक बसतो. वरचं पाणी काढून तो चीक सपाट ताटलीत पातळ ओततात, वाफवतात आणि गार झाल्यावर पट्ट्या कापतात. चिवट गोळाही टाकत नाहीत, तो वाफवला की स्पंजासारखा होतो, त्याचे चौकोन पट्ट्यांबरोबर येतात. वर मिरचीचं तेल, काळं व्हिनेगर, लसणाचं पाणी, काकडी, मोड आलेले मूग. ज्यांनी लहानपणी ताटलीत गरम चीक तेल-तिखट घालून खाल्लाय, त्यांना पहिल्या घासालाच ओळख पटेल. शाकाहारी माणसाला सुरुवातीला मी हाच पदार्थ सांगते.

शीआनच्या या चवीची न्यूयॉर्कभर ओळख झाली तीही फ्लशिंगमधूनच. डेव्हिड शी यांनी २००५ साली मेन स्ट्रीटवरच्या गोल्डन शॉपिंग मॉलच्या तळघरात शीआन फेमस फूड्स हा छोटा गाळा सुरू केला. जिरं लावलेल्या मेंढीच्या मांसाबरोबरच्या हातानं ओढलेल्या रुंद नूडल्स लोकांनी डोक्यावर घेतल्या आणि आज शहरात त्यांच्या अनेक शाखा आहेत. मांसाहारी असाल तर त्या नूडल्स चुकवू नका.

कुठल्या गावचं काय

शाआनशीच्या शेजारीच शानशी आहे. उच्चार इतका जवळचा की चिनी लोकसुद्धा खुलासा करून सांगतात. शानशीचं वैभव म्हणजे कणकेचे प्रकार आणि काळं जुनं व्हिनेगर. हे व्हिनेगर ज्वारीपासून करतात. भाकरीपलीकडे ज्वारीचं काय काय होतं ते बघायचं असेल तर टेबलावरच्या त्या बाटलीतले चार थेंब चमच्यात घेऊन आधी नुसते चाखा: धुरकट, किंचित गोडसर, मागाहून आंबट. तिथल्या दाओश्याओम्येन नूडल्स करताना आचारी कणकेचा लांबट गोळा हातावर घेऊन धारदार पात्यानं त्याच्या सालींसारख्या पट्ट्या थेट उकळत्या पाण्यात उडवतो. मध्ये जाड, कडेला पातळ अशी ती पट्टी चावायला फार छान लागते. खिडकीतून आचारी दिसत असेल तर दोन मिनिटं उभं राहून बघा.

सिच्वान सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण मालवणी-गोव्याच्या माणसाला तिथे एक वेगळाच आनंद आहे. जिभेला मुंग्या आणणाऱ्या चवीला तिथे ‘मा’ म्हणतात, ती येते ह्वाज्याओ या मसाल्यातून, आणि ह्वाज्याओ हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच गोत्रातली. तिरफळासारखंच याचंही बी टाकून देतात आणि साल वापरतात. बांगड्याच्या कालवणात तिरफळ हलकं ठेचून टाकतात, तर सिच्वानमध्ये ते तेलात उतरवून मिरचीच्या जोडीला आणतात. पण तिखट म्हटलं की सिच्वानवरच थांबू नका. हूनानचं तिखट थेट मिरचीचं, त्यात मुंग्या येत नाहीत. ग्वेजोउचं तिखट आंबट असतं, तिथे आंबवलेल्या टोमॅटो-मिरचीच्या रश्शात मासा शिजवतात. आंबट-तिखट आवडणाऱ्या कोकणी माणसाला हा रस्सा पटकन आपला वाटतो. सोबत एक पांढरी मुळी येईल, तिला कच्च्या मासळीसारखा वास असतो. पहिल्या वेळी ती बाजूला ठेवली तरी कुणी काही म्हणत नाही.

युन्नानची खानावळ सापडली तर शाकाहारी लोकांनी रूबिंग मागवावं. बकरीच्या दुधाचं पनीरच ते, तव्यावर खरपूस भाजून येतं. त्याच प्रांताच्या ‘ग्वोच्याव मीश्येन’ या तांदळाच्या शेवयांबद्दल मात्र एक सावधगिरी. रस्सा मोठ्या वाडग्यात येतो आणि त्यातून वाफ निघताना दिसत नाही, कारण वर चरबीचा थर असतो. गार झालाय असं समजून चमचा तोंडाला लावू नका. खाली तो उकळताच असतो. कच्च्या मांसाचे पातळ काप, भाज्या, शेवया असं सगळं त्यात क्रमानं सोडायचं, आधी मांस, शेवटी शेवया.

तियानजिनचं ज्येनबिंग सकाळी खायचं. मूळ पद्धतीत ते मुगाच्या पिठाचं असतं, म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच. गोल तव्यावर पातळ पसरवतात, वर अंडं फोडून फिरवतात, कांद्याची पात आणि सॉस लावून मध्ये कुरकुरीत तळलेला तुकडा ठेवून घडी घालतात. अंडं चालत असेल तर याहून चांगला नाश्ता नाही. शिनज्यांगच्या उईघुर खानावळीत शब्दच ओळखीचे भेटतात: पोलो म्हणजे पुलाव, नान म्हणजे नान, आणि साम्सा हा समोशाचा भाऊ. हनानची खानावळ दिसली तर ह्वेम्येन घ्या, मेंढीची हाडं उकळून पांढऱ्या झालेल्या रश्शातल्या रुंद नूडल्स. थंडीच्या दिवसांत तो वाडगा खरंच ऊब देतो.

एकाच जागी हे सगळं चाखायचं असेल तर रूझवेल्ट अव्हेन्यूवरच्या न्यू वर्ल्ड मॉलचं तळघर गाठा. तिथे गाळ्याला गाळा लागून आहे. आधी एक पूर्ण फेरी मारा, काही घेऊ नका. ज्या गाळ्यावर एकाच प्रांताचे मोजके पदार्थ आहेत तिथे थांबा. कार्डावर सुशीपासून सिच्वानपर्यंत सगळं असेल तर पुढे चला.

शाकाहार, गोमांस आणि डुकराची चरबी

हा भाग घाईनं वाचू नका. चिनी स्वयंपाकात मांस हे बऱ्याचदा मसाल्यासारखं वापरतात. मापो तोफूमध्ये खिमा असतो, परतलेल्या फरसबीतही असतो, पालेभाजीवर कोंबडीचा रस्सा घालतात, सुकट घालतात, ऑयस्टर सॉस घालतात. त्यामुळे ‘व्हेजिटेरियन’ एवढं एकदा सांगून भागत नाही. ‘वो छ सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. त्यानंतर प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून ‘योउ रोउ मा?’ म्हणजे यात मांस आहे का, असं विचारा. रोउ म्हटलं की मांसाचे तुकडे एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर येऊ शकतं, म्हणून ‘रोउ थांग’, मांसाचा रस्सा, आणि ‘जू योउ’, डुकराची चरबी, ही दोन नावं वेगळी विचारा. हे सगळं चिनी लिपीत फोनमध्ये लिहून ठेवलं तर सर्वांत उत्तम.

खात्रीनं मागवता येतील अशा गोष्टी कमी नाहीत, फक्त विचारून घ्या: डोंगबेईची दीसानश्येन, म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून परतलेली भाजी. स्वानला थुदोउ स, म्हणजे बटाट्याचा बारीक कीस व्हिनेगर-मिरचीवर कच्चट ठेवून परतलेला. ठेचलेली काकडी. टोमॅटो-अंडं. एवढ्यात एक घर सहज जेवतं.

गोमांस न खाणाऱ्यांनी लानजोउच्या प्रसिद्ध नूडल्स वगळाव्यात, त्यांचा रस्साच गाईच्या हाडांचा. डुक्कर न खाणाऱ्यांनी पाटीवर ‘चिंगजन’ आहे का ते बघावं, तो हलालचा शब्द. फूजोउच्या मासळीच्या गोळ्यांत मात्र आत डुकराचा खिमा भरलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही.

टेबलावर

चौघं जा. दोघं असाल तर तीन पदार्थांवर हात आखडतो आणि चौघांत सहा चाखून होतात. ताटं मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खायचं. एक गार पदार्थ, एक पालेभाजी, एक नूडल किंवा ज्याओझ, आणि त्या गावचा मुख्य पदार्थ, एवढी सुरुवात पुरते. तिखट कमी हवं तर ‘वेइ ला’ म्हणा. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका. मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या आजींना ते पाहवत नाही. काटा-चमचा मागायला संकोच नको. आवडलं तर ‘हाओ छ’ म्हणा, छान झालंय. टेबलावर वाढणारे असतील तर अठरा ते वीस टक्के टीप ठेवा. फूड कोर्टच्या काउंटरवर ती सक्तीची नसते.

दुसऱ्या वेळी त्याच खानावळीत जा. नव्या नव्या जागा शोधत फिरण्यापेक्षा एका आचाऱ्याच्या हातचं चार वेळा जेवलं की त्याच्या गावाची चव कळायला लागते, आणि मग भिंतीवर नुसत्या चिनीत लिहिलेल्या कागदावरचं काहीतरी तोच सुचवतो. फ्लशिंगमध्ये गाळे बंद होतात, हात बदलतात. नाव तेच पण आचारी गेला, तर जेवणही गेलं. म्हणून खानावळीच्या नावापेक्षा गावाचं नाव वहीत लिहून ठेवा.

परतताना मेन स्ट्रीटवरच्या चिनी किराणा दुकानातून शानशीच्या व्हिनेगरची बाटली घ्या, घरी काकडीवर घालायला. लियांगपी बांधून नेणार असाल तर तेल-मसाला वेगळ्या डबीत द्यायला सांगा, ती त्याच दिवशी खा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीनं पट्ट्या कडक होऊन तुटतात.